कॅमेऱ्याने जॉबचं माप घ्यायचं तर: खान्देशातल्या नवशिक्यांसाठी थ्रीडी मोजणी

जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसीचे पाइप, फिटिंग, ठिबकचे जोड आणि डाळमिलची यंत्रं बनतात. भुसावळला रेल्वेच्या विद्युत इंजिनांचं वर्कशॉप आहे. धुळे, नरडाणा, शिरपूर या पट्ट्यात लहानमोठी मशीन शॉप आहेत. अशा ठिकाणी क्वालिटीला नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी हा लेख लिहितोय. आयटीआय किंवा पॉलिटेक्निक झालेलं असेल आणि व्हर्निअर, मायक्रोमीटर हातात बसलेले असतील, तर पुढचं सगळं जमण्यासारखं आहे.

व्हर्निअर सोडायचा नाहीच. पण टी फिटिंगच्या पोटाचा जिथे बाहेरून गोल वळसा असतो, पंपाच्या इंपेलरची पाती जिथे पिळलेली असतात, मोल्डच्या कॅव्हिटीत जिथे वक्र भाग असतो, तिथे जबडे टेकवायला सपाट जागाच नसते. एचडीपीईसारख्या मऊ प्लॅस्टिकच्या जॉबला जबडा लावला की तो दबतो आणि माप बदलतं. कॅमेऱ्याने जॉबला हात न लावता एकदम लाखो बिंदूंच्या जागा मिळतात. त्या बिंदूंचा ढग कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या मॉडेलवर बसवला की कुठे माल जास्त आहे, कुठे कमी, कुठे जॉब वाकलाय हे डोळ्यांना दिसतं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ठामपणे सांगतो. या कामात कॅमेरा सगळ्यात शेवटी येतो. ड्रॉइंग, तापमान, मोजपट्टी आणि जॉब कोणत्या आधारावर बसवला, या चार गोष्टी त्याच्या आधी. महागडं स्कॅनर घेऊन या चौघींकडे दुर्लक्ष केलं तर पडद्यावर सुंदर रंगीत चित्र येतं आणि माप चुकीचं असतं. आपल्या भागात तर या चारांत तापमानाचा नंबर पहिला लावायला हवा.

आधी ड्रॉइंग वाचा

जॉब हातात आला की लगेच फोटो काढायला बसू नका. ड्रॉइंगवर बघा, सगळ्यात घट्ट टॉलरन्स कोणता आहे? जुना नियम असा की मोजणीची क्षमता टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतकी बारीक हवी. ±०.२ मि.मी. टॉलरन्स असेल तर एकूण पट्टा ०.४ मि.मी. झाला आणि तुमची पद्धत ०.०४ मि.मी.पर्यंत विश्वासाची हवी. हे कॅमेऱ्याला जमतं. पण बेअरिंग बसायच्या बोअरला १५-२० मायक्रॉनचा पट्टा दिला असेल तर त्याचा नाद सोडा. तिथे बोअर गेज किंवा सीएमएमच (टोकाने जॉबला स्पर्श करून मापणारं कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन).

दुसरं म्हणजे, कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते त्याला मोजता येत नाही. खोल सॉकेटचा तळ, आटे, बारीक भोकं, आतल्या कडा, यांची यादी वेगळी काढा आणि त्यांच्यासाठी प्लग गेज, थ्रेड गेज, डेप्थ गेज वापरा. पीव्हीसी फिटिंगच्या सॉकेटला आतून हलका टेपर असतो. तोंडाशी व्यास मिळाला म्हणून मुळाशीही तोच असेल असं धरू नका. धारदार कडा हीसुद्धा अडचणीची जागा आहे, कारण स्कॅनमध्ये ती थोडी गोलसर होऊन येते. दोन पृष्ठभाग मोजा आणि ते एकमेकांना जिथे छेदतात ती कड सॉफ्टवेअरमध्ये काढा.

फोटोतून माप येतं कसं

अंगठा डोळ्यांसमोर धरा. एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा मिटा. मागच्या भिंतीच्या तुलनेत अंगठा सरकलेला दिसतो. अंगठा जितका जवळ, तितका जास्त सरकतो. या सगळ्या तंत्राचा पाया एवढाच आहे.

एका फोटोतून बिंदूची फक्त दिशा कळते, अंतर नाही. दुसऱ्या जागेवरून त्याच बिंदूची दुसरी दिशा मिळाली की दोन रेषा जिथे भेटतात तिथे तो बिंदू. हजारो बिंदूंसाठी हे गणित एकदम सोडवताना कॅमेरा प्रत्येक फोटोला कुठे होता आणि लेन्स प्रतिमा किती वाकवते, हेही सॉफ्टवेअर सोबतच काढतं. या पद्धतीला फोटोग्रामेट्री म्हणतात आणि ती बरीच जुनी आहे. १८५८ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलर गावच्या मोठ्या चर्चची मापं घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हे वास्तुतज्ज्ञ उंचावरून पडता पडता वाचले. भिंतीवर न चढता फोटोवरूनच मापं घेता येतील ही कल्पना त्यांना तिथून सुचली.

यातून दोन नियम निघतात. पहिला कोनाचा. जॉब कॅमेऱ्यापासून एक मीटर अंतरावर असेल आणि कॅमेऱ्याच्या दोन जागांत फक्त ३० सें.मी. अंतर असेल, तर दोन रेषा फार अरुंद कोनात भेटतात. मग आडव्या मापात जेवढी चूक असेल, खोलीच्या मापात तिच्या तिपटीहून जास्त येते. म्हणून दोन नजरांमध्ये साधारण ६० ते ९० अंशांचा कोन ठेवा. दुसरा नियम मोजपट्टीचा. फोटोंना आकार कळतो, मोठेपणा कळत नाही. शंभर मिलिमीटरची टी आणि हजार मिलिमीटरची टी फोटोंच्या गणिताला सारखीच. म्हणून चौकटीत लांबी माहीत असलेली एक पट्टी लागते. तिला स्केल बार म्हणतात.

दोन वाटा

बाजारात ढोबळ मानाने दोन प्रकार दिसतील. पहिला साध्या कॅमेऱ्याचा. जॉबवर ठिपके लावायचे, चारही बाजूंनी पाच-पन्नास फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरला द्यायचे. मोठे जॉब, फॅब्रिकेशनचे सांगाडे, बेसप्लेट, मोठे मोल्ड यांना ही वाट उत्तम. ठिपक्यांच्या जागा फार अचूक मिळतात, पण ठिपक्यांमधला पृष्ठभाग विरळच राहतो.

दुसरा प्रकार म्हणजे प्रोजेक्टर आणि एक किंवा दोन कॅमेरे एकाच दांड्यावर. प्रोजेक्टर जॉबवर पट्ट्यापट्ट्यांचा प्रकाश टाकतो, पट्ट्या सरकवतो आणि जॉबच्या वळणावर त्या कशा वाकतात हे कॅमेरे टिपतात. एका नजरेत पूर्ण पृष्ठभाग येतो. फिटिंग, इंपेलर, बिडाचं कास्टिंग, असे हातात मावणारे जॉब इथे झटपट होतात. बरेच स्कॅनर निळा प्रकाश वापरतात, कारण कॅमेऱ्यावर निळा फिल्टर लावला की शेडमधला बाकीचा बराचसा उजेड बाहेरच राहतो.

मोठा आणि बारकाव्यांचा जॉब असेल तर दोन्ही एकत्र वापरतात. आधी ठिपक्यांचा सांगाडा फोटोग्रामेट्रीने, मग त्या सांगाड्यावर एकेक स्कॅन बसवायचा. स्कॅनला स्कॅन चिकटवत मीटरभर गेलात तर प्रत्येक जोडाची बारीक चूक साठत जाते. सांगाडा ती साठू देत नाही.

शिकण्यासाठी मात्र साध्या कॅमेऱ्यापासूनच सुरुवात करा. कोलमॅप आणि मेशरूम ही फोटोंवरून थ्रीडी आकार काढणारी सॉफ्टवेअर मोफत आहेत. बिंदूंचा ढग आणि कॅड यांची तुलना करायला क्लाउडकम्पेअर मोफत आहे. ग्राहकाला द्यायच्या रिपोर्टसाठी ती पुरेशी नाहीत, पण कोणत्या बटणामागे काय चाललंय हे समजायला यांच्याइतका चांगला शिक्षक नाही.

तापमान

मापांचं जग २० अंश सेल्सिअसवर चालतं. १९३१ पासून हे आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे. ड्रॉइंगवर लिहिलेलं नसलं तरी प्रत्येक माप २० अंशांचं असतं. आता मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पत्र्याचा शेड डोळ्यांसमोर आणा. बाहेर ४४-४५ आणि शेडमध्ये जॉबला हात लावला तर चटका.

हिशोब सोपा आहे: लांबी गुणिले तापमानातला फरक गुणिले त्या मालाचा प्रसरणांक. पोलाद एका मीटरला एका अंशामागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, अ‍ॅल्युमिनिअम २३, कडक पीव्हीसी ७०च्या आसपास, आणि एचडीपीई त्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. जॉब ४२ अंशांवर आहे असं धरू, म्हणजे फरक २२ अंश.

५०० मि.मी. लांबीचा अ‍ॅल्युमिनिअमचा मोल्ड ०.२५ मि.मी. वाढतो.
तेवढाच पोलादाचा ०.१३ मि.मी.
११० मि.मी. व्यासाचं पीव्हीसी फिटिंग ०.१७ मि.मी.

±०.२ टॉलरन्स असताना यातल्या कोणत्याही आकड्याने चांगला जॉब रिजेक्ट होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे खराब जॉब पास होऊ शकतो.

आता यातली गंमतीची पण फार महत्त्वाची बाजू. मोजपट्टीसुद्धा तापते. पोलादाचा जॉब, पोलादाचा स्केल बार, दोघंही ४२ अंशांवर आणि तुम्ही सॉफ्टवेअरला पट्टीची २० अंशांची लांबी दिली, तर दोघांची वाढ एकमेकींना खाऊन टाकते आणि उत्तर आपोआप २० अंशांचं येतं. पण जॉब अ‍ॅल्युमिनिअमचा आणि पट्टी पोलादाची असेल तर अर्धीच वाढ कटते. ५०० मि.मी.ला ०.१३ मि.मी.ची चूक उरते. पट्टी कार्बन फायबरची असेल तर ती जवळजवळ वाढतच नाही. मग काहीच कटत नाही आणि पूर्ण ०.२५ तुम्हाला हिशोबात धरावे लागतात. कार्बन फायबरची पट्टी चांगली म्हणून घेतली आणि तापमानाची दुरुस्ती केली नाही, तर पोलादी जॉबचं माप आधीपेक्षा जास्त चुकेल. म्हणून पट्टी कशाची आहे हे तिच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये जॉबचं तापमान आणि प्रसरणांक भरायचा रकाना असतो. तिथे भरलंत तर कागदावर पुन्हा दुरुस्ती करू नका. दोनदा दुरुस्ती झाली की चूक उलट दिशेला जाते आणि ती शोधायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

तापमान जॉबचं मोजायचं, खोलीचं नाही. टेकवायचा प्रोब वापरा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर चुकीचं तापमान दाखवतो, कारण तसा पृष्ठभाग स्वतः कमी उष्णता बाहेर टाकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. जाड मोल्ड एसीच्या खोलीत आणल्या आणल्या मोजू नका. वरून गार लागला तरी पोटात गरम असतो, रात्रभर तरी राहू द्या. मोल्डिंगमधून नुकतंच निघालेलं फिटिंग तर अजून आकसतच असतं. एचडीपीई आणि पीपीचे जॉब एक दिवस तरी ठेवून मगच मोजा, आणि दर वेळी तितकाच वेळ ठेवा.

मेमध्ये खोली २० अंशांवर आणायचा हट्ट धरला तर एसी दम टाकतो आणि तापमान दिवसभर वर-खाली होत राहतं. त्यापेक्षा २५ वर स्थिर ठेवा आणि पाच अंशांची दुरुस्ती करा. स्थिर २५ हे हेलकावणाऱ्या २०पेक्षा कितीतरी चांगलं. कूलर मात्र या खोलीत नको. त्याच्या हवेबरोबर ओल आणि धूळ येते, आणि नायलॉनचे जॉब ओल शोषून फुगतात.

खोली आणि उजेड

कोपऱ्यातली, कॉम्प्रेसर आणि प्रेसपासून लांबची खोली निवडा. पट्ट्यांचा स्कॅनर एका नजरेला अनेक प्रतिमा घेतो. तेवढ्या वेळात शेजारची प्रेस पडली तर बिंदू पसरतात. खिडकीतून सरळ ऊन येत असेल तर जाड पडदा लावा, नाहीतर जॉबची एक बाजू तापते आणि दुसरी नाही. ट्यूबलाइट आणि साधे एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. म्हणून एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवा: १०, २०, ४०. प्रतिमांचा उजळपणा सारखा येतो. वीज गेली की कॅलिब्रेशन अर्धवट राहतं, तेव्हा यूपीएसही हवा.

पृष्ठभागाची तयारी

मॅट राखाडी पीव्हीसीचं फिटिंग तसंच स्कॅन होतं. मशीनिंग केलेलं चकचकीत पोलाद, पॉलिश केलेली कॅव्हिटी आणि काळा प्लॅस्टिक यांना पांढऱ्या स्प्रेची गरज पडते. टायटॅनिअम डायऑक्साइडचा स्प्रे हलक्या हाताने मारला तर थर काही मायक्रॉनचा बसतो. जोरात मारला तर तोच थर मापात मोजला जातो. काही स्प्रे थोड्या वेळाने आपोआप उडून जातात. ते सोयीचे आहेत, पण आपल्या उन्हाळ्यात ते आणखी लवकर उडतात, तेव्हा स्प्रे मारला की कामाला लागा. स्प्रे मारताना तोंडाला मास्क हवा आणि खोलीत हवा खेळती हवी. टाल्कम पावडर नको, थर कुठे जाड कुठे पातळ बसतो.

रंग न घातलेलं एचडीपीई, नायलॉन असे दुधट अर्धपारदर्शक जॉब फसवतात. ते पांढरे असतात म्हणून स्प्रे लागणार नाही असं वाटतं, पण प्रकाश थोडा आत शिरून परततो आणि पृष्ठभाग खऱ्यापेक्षा आत असल्यासारखा मोजला जातो. त्यांनाही स्प्रे मारा.

कॅमेरा बांधून घ्या

झूम लेन्स टाळा. ३५ किंवा ५० मि.मी.ची एकाच फोकल लांबीची लेन्स घ्या. अंतर ठरवा, फोकस हाताने लावा, आणि फोकसची रिंग चिकटपट्टीने बांधून टाका. फोकस हलला की लेन्सचं कॅलिब्रेशन बदललं. ऑटोफोकस बंद करा. थरथर कमी करायची सोय लेन्सच्या आतले काचेचे भाग हलवते, तीही बंद. अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११, आयएसओ १००, आणि ट्रायपॉड किंवा फ्लॅश.

मग एक छोटा हिशोब करा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे ६००० पिक्सेल असतात. चौकटीत ६०० मि.मी. येत असेल तर एका पिक्सेलला ०.१ मि.मी. पडतं. गोल ठिपक्याचं केंद्र सॉफ्टवेअर पिक्सेलच्या दहाव्या भागापर्यंत किंवा त्याहून बारीक काढतं, म्हणजे ०.०१ मि.मी. पण हे तेव्हाच, जेव्हा ठिपका फोटोत किमान १०-१५ पिक्सेल रुंद, गोल आणि स्पष्ट असेल. पिक्सेल वाढले म्हणजे अचूकता वाढलीच असं नाही. कोन चुकला, फोकस हलला की पिक्सेलचा काही उपयोग होत नाही.

ठिपके, पट्टी आणि फोटो

ठिपके दोन प्रकारचे. भोवती तुटक कडं असलेले सांकेतिक ठिपके सॉफ्टवेअर नंबराने ओळखतं. साधे ठिपके त्यांच्या आधाराने सापडतात. सांकेतिक ठिपके जॉबच्या आजूबाजूला, वेगवेगळ्या उंचीवर ठेवा. सगळे एकाच सपाटीवर असतील तर गणित कच्चं राहतं. जॉबवरचे साधे ठिपके एका रांगेत किंवा सारख्या अंतरावर लावू नका, स्कॅनरला दोन जागा सारख्याच वाटतात. ज्या कडेचं माप हवं तिच्यावर ठिपका नको.

स्केल बार दोन ठेवा, एकमेकींना आडव्या दिशांत. एकीवरून माप लावा आणि दुसरीची लांबी मोजून बघा. दुसरी बरोबर आली तरच पुढे जा. सगळ्या कामातली ही सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची तपासणी आहे, आणि लोक हीच टाळतात.

फोटो काढताना जॉबभोवती फेरी मारा. एक फेरी डोळ्यांच्या उंचीवर, एक वरून तिरकी, एक खालून, आणि काही फोटो थेट वरून. प्रत्येक बिंदू किमान चार-पाच फोटोंत, वेगवेगळ्या कोनांतून यायला हवा. काही फोटो कॅमेरा ९० अंश फिरवून, म्हणजे उभा धरून काढा. लेन्सचा दोष आणि जॉबचा आकार यांच्यात गणिताची गल्लत होऊ नये म्हणून हे लागतं. फिरत्या टेबलावर जॉब फिरवायचा असेल तर ठिपके आणि पट्टी टेबलावरच, जॉबबरोबर फिरणारी हवीत. मागची भिंत साधी ठेवा, नाहीतर सॉफ्टवेअर भिंतीला धरून हिशोब करतं.

जॉब कसा ठेवलात हेही लिहून ठेवा. पातळ प्लॅस्टिकचा जॉब क्लॅम्प केला की सरळ होतो आणि सोडला की वाकतो. ड्रॉइंगवर मोकळ्या अवस्थेतलं माप आहे की फिक्सरमध्ये धरलेलं, हे आधी विचारून घ्या.

हिशोब झाल्यावर

सॉफ्टवेअरने गणित सोडवलं की ते शिल्लक चूक पिक्सेलमध्ये दाखवतं. ठिपक्यांच्या कामात ती पिक्सेलच्या छोट्या अंशात असायला हवी. अर्ध्या-एक पिक्सेलवर गेली तर कोणते फोटो वाईट आहेत ते बघा, हललेले काढून टाका. पण सरासरी खाली आणण्यासाठी चांगले फोटो काढू नका. अवघड कोनातले फोटोच तुम्हाला खोली देतात.

स्कॅनमधून त्रिकोणांची जाळी बनते. इथे पृष्ठभाग गुळगुळीत करायची आणि भोकं बुजवायची बटणं असतात. दोन्ही जपून वापरा. बुजवलेली जागा म्हणजे सॉफ्टवेअरने मनाने बसवलेला पृष्ठभाग, तिथे माप घेतलं तर ते जॉबचं माप नव्हे. तपासणीच्या फाइलमध्ये मी भोक भोकच ठेवतो.

जॉब कॅडवर कसा बसवायचा

इथे थांबून नीट वाचा, कारण निम्मे वाद इथे होतात.

सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात सोपं बटण बेस्ट फिटचं. सगळ्या बिंदूंची एकूण चूक कमीत कमी होईल असा जॉब ते कॅडवर बसवतं. चित्र हिरवंगार दिसतं आणि सगळे खूश होतात. पण टी फिटिंगची फांदी एक अंशाने कललेली आहे असं धरा. फांदी १०० मि.मी. लांब असेल तर टोकाला १.७५ मि.मी.ची चूक झाली. बेस्ट फिट पूर्ण जॉबच थोडा उलट फिरवून ती चूक सगळीकडे वाटून टाकतं. मुख्य नळीवर थोडी, फांदीवर थोडी. कुठेच मोठी चूक दिसत नाही. शेतात पाइप जोडताना मात्र मुख्य नळी सरळच बसते आणि फांदी तिरकी निघते.

म्हणून ड्रॉइंगवरचे डेटम वापरा. जॉब ज्या पृष्ठभागांवर प्रत्यक्ष बसतो तेच आधार: पहिल्या सपाटीवर तीन बिंदू, दुसरीवर दोन, तिसरीवर एक. टीसाठी मुख्य नळीच्या दोन्ही सॉकेटचा अक्ष हा पहिला आधार. मग फांदीची चूक फांदीवरच दिसते आणि मोल्डमध्ये कुठे हात घालायचा ते कळतं.

बेस्ट फिट अगदी वर्ज्य नाही. कास्टिंगमध्ये सगळीकडे मशीनिंगला पुरेसा माल आहे का हे बघायला, किंवा पहिल्यांदा अंदाज घ्यायला ते ठीक आहे. पण रिपोर्टवर कोणती पद्धत वापरली ते लिहायलाच हवं.

मोल्डिंगवरचे जुने कारागीर रंगीत चित्र बघून म्हणतील, "भाऊ, हाई माप ते बराबर शे," आणि व्हर्निअर लावून दाखवतील. त्यांचं म्हणणं बाजूला सारू नका. ते बहुतेक दोन बिंदूंमधलं अंतर मोजतायत, तुम्ही डेटमपासूनची जागा मोजताय. दोन्ही खरी असू शकतात: व्यास बरोबर, पण सॉकेट सरकलेलं. त्यांच्यासमोर दोन्ही मापं एकाच जागी घ्या आणि चित्र फिरवून दाखवा. मोल्डला कुठे पाणी कमी लागतं, गेट (प्लॅस्टिक आत शिरायचं तोंड) कुठे आहे, कोणत्या पोकळीतून कोणता जॉब येतो हे त्यांनाच माहीत असतं, आणि रंगाचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

रंगांच्या पट्टीची टोकंही बघा. ±१ मि.मी.ची पट्टी लावली तर ०.३ची चूक हिरवी दिसते. ±०.०५ची लावली तर चांगला जॉबही लाल-निळा होतो. टॉलरन्सएवढीच पट्टी लावायची आणि ती प्रत्येक जॉबला तीच ठेवायची.

यंत्रावर विश्वास कधी ठेवायचा

ऑप्टिकल मोजणीच्या तपासणीसाठी व्हीडीआय/व्हीडीई २६३४ हे जर्मन मार्गदर्शक नियम तीन भागांत आहेत आणि २०२१ पासून आयएसओ १०३६०-१३ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. त्यांचा गाभा लहान शॉपलाही करता येतो. एका मजबूत दांड्यावर दोन मॅट सिरॅमिक गोळे बसवून घ्या आणि त्यांच्या केंद्रांतलं अंतर एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून मोजून आणा. जवळच हवं तर छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथे सीएमएमच्या कामाची चौकशी करा. गोळ्यांचा फायदा असा की स्प्रेचा थर सारखा बसला तर व्यास थोडा वाढतो, केंद्र जागचं हलत नाही. हा दांडा मोजणीच्या जागेत आडवा, उभा, तिरका, जवळ, लांब ठेवून मोजा. सगळ्यात मोठी चूक जी येईल ती तुमच्या यंत्राची खरी ताकद, माहितीपत्रकावरचा आकडा नव्हे. स्लिप गेज यासाठी वापरू नका, ते आरशासारखे चकचकीत असतात.

मग माणसांची परीक्षा. १० जॉब, ३ माणसं, प्रत्येकाने प्रत्येक जॉब दोन-तीनदा मोजायचा. दर वेळी जॉब उचलून, पुन्हा स्प्रे मारून, पुन्हा ठेवून. स्कॅन एकच आणि हिशोब तीनदा केला तर ती परीक्षा नव्हे. यातून निघणारा गेज आर अँड आरचा आकडा (यंत्र आणि माणसं यांच्यामुळे मापात किती फरक पडतो तो) १० टक्क्यांखाली आला तर पद्धत चांगली, १० ते ३० मध्ये कामाच्या गरजेनुसार चालेल, ३०च्या वर गेला तर त्या मापासाठी ही पद्धत वापरू नका. एकाच जॉबच्या एका मापाला पद्धत पास आणि दुसऱ्याला नापास असंही होतं.

अनिश्चितता (माप खऱ्यापासून किती इकडेतिकडे असू शकतं ते) ०.०५ मि.मी. निघाली आणि टॉलरन्स ±०.२ असेल, तर ग्राहकाला पास म्हणून सांगताना ±०.१५च्या आतलेच जॉब बिनधास्त पास करा. आयएसओ १४२५३-१ या मानकाचं मूळ तत्त्व असंच आहे. मधल्या पट्ट्यातले जॉब सीएमएमवर पाठवा किंवा ग्राहकाशी आधीच ठरवून घ्या.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

जॉब नंबर आणि मोल्डच्या पोकळीचा नंबर, ड्रॉइंगची आवृत्ती, मोल्डिंगनंतर किती तासांनी मोजलं, जॉबचं तापमान आणि दुरुस्ती कुठे केली, स्केल बार कशाचा आणि त्याचा दाखला कोणत्या तारखेचा, दुसऱ्या पट्टीवरची चूक, स्प्रे मारला का, जॉब मोकळा की धरलेला, कोणत्या डेटमवर बसवला, रंगपट्टीची टोकं, अनिश्चितता, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि मोजणाऱ्याचं नाव. रंगीत चित्राखाली महत्त्वाच्या मापांचा तक्ता हवाच, चित्रावरून कोणी जॉब पास करत नाही.

मूळ फोटो, कॅलिब्रेशनची फाइल आणि कच्चे स्कॅन एका फोल्डरमध्ये, तारीख आणि जॉब नंबर घालून, निदान माल ग्राहकाकडे वापरात असेपर्यंत जपून ठेवा. तक्रार आली तर त्याच फोटोंवर डेटम बदलून पुन्हा हिशोब करता येतो, आणि तोवर जॉब कुठल्यातरी शेतात जमिनीखाली गेलेला असतो.